भीड चेपते तेव्हा

रात्री पावणेबाराला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. 'चौथ्या मजल्यावरच्यांना बाथरूमची गळती काढायची नसेल तर तसं सरळ सांगा. खालच्यांच्या भिंती ओल्या झाल्यात आणि कमिटी झोपलेली आहे. यांना फक्त खुर्च्या हव्यात.' मी तेव्हा सोसायटीची सचिव होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी सातला दूध घेऊन लिफ्टपाशी आले, तर मेसेज लिहिणारे काकाच दार धरून उभे. 'आईंचा गुडघा कसा आहे आता? पायऱ्या चढू देऊ नका हं त्यांना,' म्हणाले. गळतीचं अवाक्षरही नाही.

यातले खरे काका कुठले, हा प्रश्न दिवसभर माझ्या डोक्यात होता. संध्याकाळपर्यंत मी निकाल लावून टाकला: रात्रीचे खरे, सकाळचे तोंडदेखले. पुढचं दीड वर्ष मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तो निकाल चुकीचा होता, आणि का चुकीचा होता हे कळायला मला बराच काळ लागला. सचिवपदाच्या सहा वर्षांत अशी दोन-दोन रूपांची माणसं मी पुष्कळ पाहिली. ग्रुपवर तावातावाने भांडणारे गृहस्थ सर्वसाधारण सभेत शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून गप्प बसायचे. आणि सभेत कधीही तोंड न उघडणारी एक मुलगी ग्रुपवर मात्र टँकरच्या हिशेबातली चूक नेमकी दाखवून द्यायची. तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, माहेरच्या आणि सासरच्या ग्रुपवर अशी माणसं असणारच. त्यांच्याशी कसं वागावं, त्यांच्यावर किती विश्वास ठेवावा, आणि आपलं स्वतःचं ते दुसरं रूप कसं ओळखावं, याबद्दल मला जे उमगलं ते इथे सांगते आहे.

सर्वांत आधी एक समज बाजूला ठेवावा लागेल. लोक नाव लपवतात म्हणून बेताल होतात, असं आपण धरून चालतो. आमच्या ग्रुपवर कोणीच निनावी नव्हतं. प्रत्येकाच्या नावापुढे फ्लॅटचा नंबर होता, बहुतेकांचे फोटोही होते. तरी व्हायचं ते होतच होतं. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये नाव जाहीर करण्याच्या उपायाची देशभर परीक्षाच घेतली. रोज लाखो लोक येणाऱ्या संकेतस्थळांवर काही लिहायचं तर आधी आपली खरी ओळख पटवायची, असा कायदा तिथे लागू झाला. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेतून साडेतीन कोटी खातेदारांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती तरतूदच रद्द केली. बेकायदा मजकूर त्या तरतुदीमुळे लक्षणीय कमी झाल्याचं दिसत नाही, असंही न्यायालयाने नोंदवलं.

मग नाव असूनही माणूस सुटतो कशामुळे? याचं मला पटलेलं उत्तर इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातून २०१२ मध्ये आलं. नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बराक या संशोधकांनी ७१ जोड्यांना एका पेचप्रसंगावर चॅटमधून चर्चा करायला लावली. काही जोड्यांना एकमेकांची नावं माहीत होती, काहींना नव्हती. काहींना समोरचा दिसत होता, काहींना नाही. काहींना एकमेकांच्या डोळ्यांत पाहता येत होतं, काहींना नाही. भाषा घसरण्यामागे सर्वांत मोठा वाटा निघाला तो नजरेला नजर नसण्याचा. नाव कळण्या-न कळण्याचा वाटा त्यापुढे लहान होता.

मराठीत या गोष्टीला फार नेमका शब्द आहे, भीड. समोर माणूस बसलेला असतो, त्याचा चेहरा पडताना दिसतो, आणि ओठांवर आलेलं अर्धं वाक्य आपण गिळतो, ती भीड. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये पडद्यामागे माणसाचा संकोच कसा गळतो यावर एक लेख लिहिला. तो पुढे खूप गाजला. त्यांच्या मूळ कल्पनेचं भाषांतर करायचं झालं तर मी 'भीड चेपणं' असंच करीन. त्यांनी सहा कारणं सांगितली आहेत. आपण दिसत नाही, आणि उत्तर लगेच येत नाही म्हणून बोलण्याचा परिणाम समोर उभा राहत नाही, ही दोन सहज पटतात. तिसरं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं. दुसऱ्याचा मेसेज वाचताना त्याचा आवाज आपण स्वतःच्याच डोक्यात तयार करतो. म्हणजे रात्री पावणेबाराला मला जे काका ऐकू आले, त्यांचा आवाज काही प्रमाणात माझाच होता.

भीड ही काही निव्वळ चांगली गोष्ट नव्हे. भीड भिकेची बहीण, असं आपल्या आजी-पणजी सांगत आल्या. भिडस्त माणूस हक्काचं मागत नाही, अन्याय सोसतो, मनातलं प्रेमही बोलून दाखवत नाही. त्यामुळे भीड चेपली की घाण वर येते तशी अडकून पडलेली चांगली गोष्टही मोकळी होते. टँकरचा हिशेब तपासणारी ती मुलगी याच कारणाने ग्रुपवर बोलू शकली. कुणाचं ऑनलाइन रूप पाहून 'आता कळलं खरं रूप' असं म्हणण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं, की आपण त्याच माणसाला भिडेविना पाहतो आहोत.

रागावलेल्याला कसं वाचावं

सगळ्यांनाच हे औदार्य दाखवून चालत नाही, हेही सांगायला हवं. डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठातले अलेक्झांडर बोर आणि मायकेल बँग पीटरसन यांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑनलाइन राजकीय वादात जे लोक तिरस्काराने बोलतात ते प्रत्यक्षातही तसेच बोलतात, असं त्यांना अमेरिका आणि डेन्मार्क या दोन्ही देशांत आढळलं. फरक एवढाच, की चौकात चार लोक ऐकतात आणि पडद्यावर शेकडो लोकांना दिसतं. म्हणजे काही माणसांच्या बाबतीत दोन रूपं नसतातच. ती दोन्हीकडे सारखीच आक्रमक असतात, आपल्याला फक्त एक बाजू आधी दिसलेली असते.

आता आपल्यासमोरचा माणूस यांपैकी कुठला, हे ओळखायला मी दोन गोष्टी करते. पहिली म्हणजे ग्रुपवर मागे जाऊन त्याच माणसाचे चार-सहा महिन्यांचे मेसेज वाचते. एखादाच मेसेज तिखट आहे की दर आठवड्याला कोणी ना कोणी सापडतंच, हे दहा मिनिटांत दिसतं. तिखट मेसेजची वेळही बघावी. अकराच्या पुढचा मेसेज दमलेल्या माणसाचा असू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे वॉचमन आणि घरकामाच्या ताईंकडून त्या घराबद्दल कानावर काय येतं त्याकडे लक्ष देते. मुद्दाम चौकशी करायची नाही, पण जे सहज बोललं जातं ते ऐकायचं. ज्यांच्यापुढे भीड ठेवायची गरज वाटत नाही अशा माणसांशी कोणी कसं वागतं, त्यावरून त्याच्या ऑनलाइन रागाचा अर्थ लागतो. आमच्या काकांबद्दल वॉचमन म्हणाला होता, 'पावसात मला खुर्ची आणून देणारे तेवढेच.' ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. तेव्हाच त्यावर विचार करायला हवा होता.

मेसेजमधला सूर आपल्याला कळतो, या भरवशावरही फार राहू नये. जस्टिन क्रुगर आणि निकोलस एप्ली या अमेरिकी संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाक्यं गंभीरपणे, काही उपरोधाने, ईमेलने किंवा आवाजात पाठवायची, आणि घेणाऱ्याने सूर ओळखायचा. ईमेल पाठवणाऱ्यांना वाटलं की ७८ टक्के वेळा तरी सूर कळेल. तो कळला ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून ठरवल्यासारखाच. आवाजात हेच प्रमाण बरंच वर गेलं.

मराठीत तर हा धोका जास्तच. 'बरं' हा एक शब्द घ्या. आई म्हणते तेव्हा त्यात होकार असतो, सासूबाई म्हणतात तेव्हा कधी नाराजी असते, मैत्रीण म्हणते तेव्हा पुढे सांग असा आग्रह असतो. 'असू दे', 'हो का', 'बघू', 'तुम्ही म्हणाल तसं' या सगळ्यांचा अर्थ गळ्यातून येतो, अक्षरांतून येत नाही. त्यात आपण बोटांच्या सोयीसाठी मराठी रोमन लिपीत टाइप करतो आणि उरलासुरला ठसकाही घालवतो. अंगठ्याच्या चिन्हाचंही तसंच. माझ्या पिढीला तो 'मिळालं, समजलं' असा निरोप वाटतो. माझ्या भाचीला तो तुटक वाटतो, बोलणं संपवणारा. आणि अंगठा दाखवणं या वाक्प्रचाराचा अर्थ तर नकारच आहे. तरुण मुलाने काकांच्या लांबलचक मेसेजला नुसता अंगठा पाठवला, काका दुखावले, आणि मुलाला त्याचा पत्ताही नाही, असं घराघरांत घडतं. मुलांनो, मोठ्यांना उत्तर देताना एक पूर्ण वाक्य लिहा. 'हो काका, वाचलं, उद्या बघतो,' एवढं पुरे होतं.

दीड वर्षानंतर गळतीच्याच कामाचा प्लंबरचा अहवाल घेऊन मी त्या काकांकडे गेले. बोलता बोलता तो जुना मेसेज निघाला. मी त्यांना म्हटलं, 'काका, एकदा तुम्ही वाचून दाखवा.' त्यांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला. त्यांच्या आवाजात ती चिडचिड होती, पण हताश माणसाची. 'कमिटी झोपलेली आहे' हे वाक्य मी थप्पड म्हणून वाचलं होतं, आणि त्यांच्या तोंडून ते गाऱ्हाणं निघालं. 'खुर्च्या हव्यात' मात्र तसंच बोचरं राहिलं. ते त्यांनाही बोचलं. 'हे मी तुझ्या तोंडावर नसतो बोललो,' ते म्हणाले. तेव्हापासून माझा नियम आहे: ज्या मेसेजने पोटात गोळा येतो त्याला ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करायचा, आणि शक्य असेल तर दार वाजवायचं. पहिलं वाक्य प्रश्नाचं असावं. 'तुमचा मेसेज वाचला, नेमकं काय झालंय?' असं विचारलं की बहुतेक वेळा समोरचा स्वतःहून आवाज खाली आणतो.

ग्रुपचे ॲडमिन असाल तर आणखी थोडं. तक्रारी ग्रुपवर घेऊ नका, त्यासाठी तक्रारवही किंवा ईमेल ठेवा. रात्री दहा ते सकाळी सात फक्त ॲडमिननाच लिहिता येईल अशी सेटिंग बदलता येते. आम्ही ती रोज रात्री बदलत होतो, आणि त्या एका सवयीने निम्मी भांडणं थांबली. सदस्याने काही आक्षेपार्ह लिहिलं तर मला तुरुंगात जावं लागेल का, ही भीती अनेक ॲडमिनना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही. पण म्हणून शेजारधर्म संपत नाही. ज्याने लिहिलं त्याला फोन करून मेसेज काढायला सांगणं ॲडमिनला नक्की जमतं.

जे तोंडाने बोललो नसतो

ऑनलाइन रूपातला सर्वांत धोकादायक भाग माझ्या मते भांडण नाही, फॉरवर्ड आहे. भांडताना निदान शब्द आपले असतात. फॉरवर्डमध्ये सज्जन माणूस दुसऱ्याचे शब्द न तपासता आपल्या नावाने पुढे सरकवतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे जमावाने पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. मारले गेलेले पाचही जण भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली.

मला राहून राहून वाटतं, की तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत कितीतरी आया असतील, काळजीने पाठवणाऱ्या. त्यांपैकी कोणीही भर चौकात उभी राहून 'हा माणूस चोर आहे' असं अनोळखी माणसाकडे बोट दाखवून ओरडली नसती. फॉरवर्ड करण्याआधी मी आता तेच डोळ्यांसमोर आणते. हे वाक्य मी माझ्या दारात उभी राहून, माझ्या तोंडाने, शेजारणीला सांगेन का? तिने 'तुला कोणी सांगितलं?' विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे का? नसेल तर बोट मागे घ्यायचं. घरातल्या ज्येष्ठांना हे उपदेश म्हणून सांगू नका. 'बाबा, हे खरं आहे का ते दोघं मिळून बघू या,' असं म्हणून शेजारी बसा. चारचौघांच्या ग्रुपवर वडिलांची चूक काढली तर ते पुढच्या वेळी तपासणार नाहीत, ते फक्त तुम्हाला पाठवायचं थांबवतील.

दुसरं नाव म्हणजे खोटं नाव नव्हे

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त प्रिय आहे. मुलगा घरात 'हो', 'नाही', 'जेवतो' एवढंच बोलतो आणि ऑनलाइन वेगळ्या नावाने कविता लिहितो, चित्रं टाकतो, क्रिकेटवर पल्लेदार लिहितो, असं कळलं की पालक घाबरतात. 'हा आमच्यापासून कोण लपवून ठेवलाय?' मराठी माणसाने तरी यात इतकं दचकू नये. राम गणेश गडकरी कविता लिहीत ते गोविंदाग्रज म्हणून आणि विनोदी लेख लिहीत ते बाळकराम म्हणून. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कविता आरती प्रभूंच्या नावाने आल्या. जयवंत दळवींनी 'ललित' मासिकात ठणठणपाळ होऊन साहित्यिकांची खोडी काढली. ही नावं म्हणजे फसवणूक आहे असं कोणा वाचकाला वाटलं नाही. एका माणसात जेवढं मावतं त्याला एका नावाची खोली कमी पडते.

१९९६ मध्ये 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं आणि जगभर विखुरलेल्या मराठी माणसांना लिहायला कट्टा मिळाला. तिथे माणसाला 'आयडी' म्हणतात, आणि प्रत्यक्ष भेटीला 'गटग'. वर्षानुवर्षं नुसतं वाचणाऱ्याला 'वाचनमात्र' असा छान शब्द आहे. गटगला जाऊन आलेल्या माझ्या एका मैत्रिणीने सांगितलं, की समोरासमोर बसूनही लोक एकमेकांना आयडीनेच हाका मारत होते, आणि ज्याचं लिखाण वाचून तिला तो मोठा बोलका वाटला होता, तो कोपऱ्यात बसून सगळ्यांना चहा भरून देत होता. तिला तो खोटा वाटला नाही. लिहिताना जसा बारकाईने पाहणारा, तसाच तिथेही होता.

जॉन बार्ग, केटलिन मॅकेना आणि ग्रेन फिट्झसायमन्स यांनी २००२ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की आपल्याला आतून जे आपण वाटतो ते रूप समोरासमोरच्या गप्पांपेक्षा इंटरनेटवरच्या गप्पांत अधिक सहज व्यक्त होतं. संकोची मुलांच्या पालकांनी याचा उपयोग करून घ्यावा. मुलाचं खातं चोरून पाहू नका. 'तू लिहितोस असं कळलं. मला एखादं वाचून दाखवशील? तुला वाटेल तेव्हा,' असं एकदाच म्हणा आणि सोडून द्या. दोन महिने लागतील, कदाचित वर्ष. वाचून दाखवलंच, तर पहिल्या दिवशी शुद्धलेखन काढू नका आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. लहान मुलांच्या बाबतीत मात्र ती कोणाशी बोलतात हे माहीत असायलाच हवं. अनोळखी माणूस 'हे घरी सांगू नकोस' म्हणाला तर ते ताबडतोब घरी सांगायचं, हा नियम मुलाला पाठ असू द्या.

इन्स्टाग्रामवरच्या हसऱ्या फोटोंबद्दल आपली सरसकट तक्रार असते की सगळं दिखाऊ आहे. मित्या बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या २३६ तरुणांची सोशल मीडियावरची पानं अनोळखी लोकांना दाखवली. पानं पाहून लोकांनी जो अंदाज बांधला, तो त्या तरुणांच्या खऱ्या स्वभावाच्या जवळ गेला, त्यांच्या स्वप्नातल्या प्रतिमेच्या नाही. कोण बोलका आहे, कोणाला नवं काही आवडतं, हे बरं कळलं. सर्वांत कमी कळलं ते कोणाचं मन किती अस्थिर, किती चिंतेत आहे हे. या एका गोष्टीसाठी मी तो अभ्यास सगळ्यांना सांगते. फोटोंवरून भाचा गप्पिष्ट आहे हे दिसेल, तो रात्री झोपत नाही हे दिसणार नाही. त्यामुळे पुण्या-बंगळुरात किंवा परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसाचे फोटो पाहून 'छान चाललंय त्याचं' असं समजून फोन टाळू नका. फोटो येणं अचानक बंद झालं, किंवा अचानक फार वाढलं, तर आवर्जून फोन करा. त्रास मोठा वाटला तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

स्थळ ऑनलाइन आलं असेल तर

लग्नाच्या बाबतीत लोक मला सर्वांत जास्त विचारतात. इथे एक गोष्ट मान्य करून सुरुवात करू. प्रत्यक्ष भेटीतही माणूस सजूनच येतो. आपला बघण्याचा कार्यक्रम काय होता? इस्त्रीचे कपडे, आवरलेलं घर, मुलीने आणून दिलेले पोहे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ मध्ये माणसाच्या रोजच्या वागण्याची तुलना नाटकाशी केली, पुढे रंगमंच आणि मागे रंगपट. शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलात वाढपी स्वयंपाकघरात कसे वागतात आणि दार ढकलून बाहेर आल्यावर कसे होतात, हे त्यांनी बारकाईने टिपलं होतं. त्यामुळे प्रत्यक्ष भेटलो म्हणजे खरा माणूस कळला, हाही भ्रमच.

प्रोफाइलमध्ये थोडं खोटं असतंच. कॅटालिना टोमा, जेफ्री हँकॉक आणि निकोल एलिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन जोडीदार शोधणाऱ्या ८० जणांची उंची आणि वजन स्वतः मोजलं, वयासाठी ओळखपत्र पाहिलं. ८१ टक्के लोकांनी या तिन्हींपैकी किमान एक गोष्ट बदलून लिहिली होती. पण बहुतेकांचा फरक लहान होता, भेटल्यावर सहज लपेल एवढा. उंची एक इंच वाढवलेली निघाली म्हणून मी स्थळ मोडणार नाही. पगार, पदवी, आधीचं लग्न, कर्ज आणि आजार या पाच ठिकाणी मात्र तसूभर खोटं चालवून घेऊ नका. पदवीचं प्रमाणपत्र, नोकरीचं पत्र मागायला लाजू नका. भीड इथे खरोखर भिकेची बहीण ठरते. चांगल्या घरचे लोक रागावत नाहीत, ते तुमचीही कागदपत्रं मागतात.

मुला-मुलींनी किमान तीन वेळा भेटावं, आणि तीनही वेळा हॉटेलात नको. एकदा त्याच्या मित्रांमध्ये, एकदा त्याच्या घरी साध्या दिवशी, एकदा एखाद्या दगदगीच्या कामात, म्हणजे गर्दीच्या लोकलमध्ये किंवा सरकारी कार्यालयाच्या रांगेत. दमलेल्या माणसाला रूप सांभाळायला जमत नाही. चॅटवर हळुवार आणि रांगेत रिक्षावाल्यावर डाफरणारा असा तो निघाला, तर चॅटवरचा हळुवारपणा खोटा म्हणण्याची गरज नाही. तो त्याला निवांत असताना जमतो, एवढंच कळलं. संसार बहुतेक वेळा रांगेतच असतो.

परदेशातलं स्थळ असेल तर न ठरवता व्हिडिओ कॉल करा. प्रत्येक वेळी कॅमेरा बिघडलेला असेल तर तिथेच थांबा. लग्नाआधी पैशाचा विषय निघाला, विमानतळावर कस्टममध्ये भेटवस्तू अडकली, शुल्क भरा, असं कोणी सांगितलं तर एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. संगणकाच्या आधाराने दुसरीच व्यक्ती असल्याचं भासवून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. फसवली गेलेली मुलगी मूर्ख नसते. तिच्याशी कोणी महिनोन् महिने प्रेमाने बोललेलं असतं. घरच्यांनी आधी तिच्या बाजूला बसावं, मग तक्रारीचं बघावं.

राहिलं आपलं स्वतःचं रूप. ते आपल्याला सर्वांत कमी दिसतं, कारण आपले मेसेज आपण आपल्याच आवाजात वाचतो. रविवारी सकाळी मी आठवड्याभरातले माझे मेसेज मोठ्याने वाचते, ज्याला पाठवले त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून. पहिल्या वेळी हे करताना माझ्या पोटात खड्डा पडला होता. कामवाल्या ताईंना मी एका ओळीचे हुकूम पाठवत होते, 'उद्या लवकर या', 'कपडे राहिले'. समोर असताना मी त्यांना चहा विचारल्याशिवाय कामाचं बोलत नाही. त्यांच्या फोनवर मात्र चहा न विचारणारी बाई होती. आता मी त्यांना लिहीत नाही, आवाजात निरोप पाठवते.

रागाचा मेसेज लिहायचाच असेल तर तो स्वतःच्या नंबरवर पाठवावा. व्हॉट्सॲपवर स्वतःला मेसेज करता येतो. लिहून मन मोकळं होतं आणि कोणाचं काही मोडत नाही. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांत बदलता येतो आणि नंतर काही काळ सर्वांसाठी पुसताही येतो, पण समोरच्याने वाचला असेल तर त्याचा उपयोग नाही. पुसलेल्या मेसेजची खूण तर जास्तच छळते.

माझ्या स्वतःच्या चॅटमध्ये गेले तीन दिवस एक मेसेज पडून आहे. आईच्या औषधांच्या खर्चावरून वहिनीला लिहिलेला, बारा ओळींचा. काल तो मोठ्याने वाचला तेव्हा त्यातल्या नऊ ओळी भावाला उद्देशून होत्या असं लक्षात आलं. वहिनी साडेपाचला शाळेतून घरी येते. उरलेल्या तीन ओळी मी तिला आज फोनवर बोलून दाखवणार आहे.